ड्रेसाज आणि रपेट, दोन्हींसाठी स्पॅनिश घोडा (पी.आर.ई.) घ्यायचा आहे : काय बघावं?

मृगधारा

नमस्कार. इंग्लंडच्या दक्षिण भागात ठेवायला घोडा बघायचा आहे. गरज अशी: आठवड्यातून तीन-चार दिवस रिंगणात ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा), सध्या नोव्हिस हा खालचा स्तर, पुढे त्यावरचा एलिमेंटरी आणि जमल्यास त्याहून वरचा मीडियम. उरलेले दिवस अरुंद गावरस्ते आणि ब्रायडल-वे (घोड्यांना मोकळ्या असलेल्या वाटा) यांवरून रपेट, तीही बऱ्याचदा सोबतीशिवाय. स्वाराची उंची १६३ सें.मी., वजन ६२ किलो, त्यामुळे १५५ ते १६० सें.मी.चा घोडा पुरतो. मनात पी.आर.ई. (पुरा रासा एस्पान्योला, म्हणजे शुद्ध स्पॅनिश) जातीचा, ६ ते ९ वर्षांचा, खच्ची केलेला घोडा आहे. स्पेनमध्ये जाऊन घ्यावा की इथे आलेलाच घ्यावा? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं? तब्येतीचं, कागदपत्रांचं, खोगिराचं, जे माहीत असेल ते सविस्तर लिहा.

टापांचा_नाद

मृगधाराताई, गरज इतकी स्पष्ट लिहिलीत हे बरं झालं. मीडियमपर्यंतचं ड्रेसाज आणि रपेट या दोन्हींना ही जात उत्तम चालते. मात्र बाजारात येणारे बरेच घोडे दोन्हींपैकी एकाच कामाला तयार केलेले असतात.

ट्रॉट (दुडकी चाल) बघून भुलू नका. पी.आर.ई. गुडघा उंच उचलतो, मान कमानदार धरतो, अयाळ उडते आणि व्हिडिओत डोळे दिपतात. पंच बघतात ते वेगळंच: पाठ झुलते का, मागचे पाय पोटाखाली येतात का, दोन टापांच्या मधे घोडा खरोखर हवेत तरंगतो का. पाठ ताठ ठेवून नुसते पुढचे पाय उचलणारा ट्रॉट पासाजसारखा (उंच, संथ, तरंगत्या ट्रॉटसारखा) भासतो, पण तो ताणातून आलेला असतो. पाठ सैल होऊ लागली की तो दिमाख विरतो आणि खालचा साधा ट्रॉट दिसतो. तुम्ही पैसे त्या साध्या ट्रॉटचे देत आहात.

माझ्या मते आधी वॉक (साधी पावलं टाकत चालणं) बघावा. रेकलेल्या ओलसर वाळूवर लगाम पूर्ण लांब सोडून चालवायला सांगा आणि ठसे बघा. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे किमान एक खूर पडला पाहिजे. या जातीत तो बरेचदा जेमतेम ठशावर पडतो. मग कान देऊन ठोके मोजा. चारही वेगळे आणि सारख्या अंतराने यायला हवेत. एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकदम पडत असतील तर वॉक बिघडलेला आहे. ताणामुळे बिघडलेला वॉक काही महिन्यांत सुधारतो, मुळातच आखूड असलेला फारसा सुधारत नाही. ब्रिटिश ड्रेसाजच्या खालच्या स्तरांवर लांब लगामावरच्या मोकळ्या वॉकचे गुण बऱ्याच चाचण्यांत दुप्पट धरतात, त्यामुळे हे नुकसान दर वेळी भोवतं.

त्यानंतर कँटर (हलकी दौड). तीन ठोके आणि मग क्षणभर हवेत. घाईने गोळा केलेल्या स्पॅनिश घोड्याचा कँटर चार ठोक्यांवर येतो, जागच्या जागी डुलल्यासारखा. वीस मीटरच्या वर्तुळावर पुढे सोडायला सांगा. टाप लांबली आणि तीन ठोके परत आले तर चिंता नाही. लांबण्याऐवजी नुसता वेग वाढला, तर मीडियम कँटरला झगडावं लागेल.

समोरून चालत येताना पुढचा पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला भिरभिरतो का ते बघा. स्पॅनिश लोक याला 'कँपानेओ' म्हणतात. थोडासा असेल तर हरकत नाही. भरपूर असेल तर फेटलॉकवर (खुरावरच्या सांध्यावर) एकाच बाजूने भार येतो, आणि वर्षभर डांबरी रस्त्यावर रपेट करणार असाल तर तो त्रास आधी तिथेच दिसेल.

जातीच्या कुवतीबद्दल शंका नको. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये इग्नासिओ राम्ब्ला 'एव्हेंतो'वर उतरले होते. २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पॅनिश संघात राफाएल सोतो यांचा 'इन्व्हासोर' होता. २०१०च्या केंटकीतल्या जागतिक स्पर्धेत 'फुएगो'ने फ्रीस्टाइलमध्ये ८१ टक्क्यांवर गुण घेतले. पिआफ (जागच्या जागी ट्रॉट), पासाज, पिरुएत (जागेवर गिरकी) हे या जातीच्या अंगातच आहे. कमी पडतं ते लांब पावलांच्या हालचालींत, आणि नोव्हिस ते मीडियम या टप्प्यावर नेमकी त्यांचीच परीक्षा असते.

पागावाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी तिथल्या तालमीबद्दल लिहितो, कारण रपेटीतले बहुतेक प्रश्न तिथून येतात.

अंदालुसियात घोडा दोन-तीन वेगवेगळ्या परंपरांतून तयार होतो. एक डोमा व्हाकेरा: गुरं हाकायच्या कामातून आलेली पद्धत, एका हातात लगाम, कडीचा बिट (तोंडात घालायची लोखंडी पट्टी), खोल बसकेचं खोगीर. असा घोडा मोकळ्या रानात, गुराढोरांत, कुत्र्यांत वाढलेला असतो आणि रपेटीला अतिशय भरवशाचा निघू शकतो. त्याच्यात कमतरता असते ती तोंडाच्या संपर्काची. लगाम जरा घेतला की तो बिटाच्या मागे जातो, मान तिसऱ्या मणक्यापाशी मोडते आणि हातात काहीच उरत नाही. साध्या स्नॅफलवर (दांड्या नसलेल्या सौम्य बिटावर), लांब आणि खाली मान ठेवून सहा महिने शांतपणे काम केलं तर हे सुधारतं. फक्त तेवढा वेळ हिशेबात धरा.

दुसरी परंपरा जत्रा-प्रदर्शनाची. चार वर्षांच्या पोराला चाबकाच्या टोकाने पिआफ शिकवलेला असतो, स्पॅनिश वॉकही (पुढचे पाय ताठ उचलत चालणं) येतो, आणि विकणारा तेच आधी दाखवतो. इथे जपा. घाबरल्यावर किंवा गोंधळल्यावर पिआफ करायची सवय लागलेल्या घोड्याला रस्त्यावर 'पुढे चल' म्हटलं की तो पुढे जाण्याऐवजी वर-खाली नाचतो. लगाम आवळला की आणखी नाचतो. पुढची वाट बंद झालेल्या घोड्याला एकच वाट उरते, मागच्या पायांवर उभं राहण्याची. ड्रेसाजलाही हे मारक आहे, कारण सगळी उभारणी पायाच्या इशाऱ्यावर पुढे जाण्यावर असते.

नाकाच्या हाडावर बोट फिरवून बघा. 'सेरेता' नावाची दातेरी लोखंडी नाकपट्टी वापरलेली असेल तर पांढरे केस, टणक वण किंवा हाडावर खळगा लागतो. जुना, बरा झालेला वण असला म्हणजे घोडा वाईट असं नाही. पण हात नाकाकडे नेताच डोकं झटकत असेल तर पुढे काय काय निस्तरावं लागेल याचा अंदाज येतो.

आता बघायला गेल्यावरचा क्रम. घोडा आधी फिरवून ठेवू नका असं लेखी कळवा, आणि तरीही ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. अंग कोरडं आहे का, खोगिराखालचे केस ओलसर आहेत का, रिंगणात लाँजिंगचा (लांब दोरीवर गोल फिरवण्याचा) ताजा गोल उमटलाय का, हे बघून घ्या. तबेल्यातून काढण्यापासून सगळं डोळ्यांदेखत होऊ द्या: खरारा, खूर उचलणं, खोगीर चढवताना कान आणि शेपूट, पट्टा आवळताना पोट. आधी त्यांच्या स्वाराला वीसेक मिनिटं बसू द्या. तो जे करत नाही ते तुम्ही पहिल्यांदा करून बघायचं नाही.

तुम्ही बसल्यावर पाच मिनिटं लांब लगामावर वॉक. मग दोन्ही हातांवर (डावीकडे आणि उजवीकडे वळत) ट्रॉट, वर्तुळावर लगाम हळूहळू सोडा: मान पुढे-खाली जाते की वरच अडकून राहते? थांबवून दहा सेकंद उभा करा. स्पॅनिश घोड्यांना नुसतं उभं राहणं फारसं कोणी शिकवत नाही. लेग-यील्ड (पायाच्या इशाऱ्यावर तिरकं सरकणं) मागा, पायाला बाजूला जातो की पायापासून पळतो ते कळेल. कँटरची सुरुवात दोन्ही बाजूंना तीन-तीनदा करा.

यानंतर बाहेर, एकट्याने. यावर अडून राहा. पागेपासून पाचशे मीटर लांब न्या, परत वळवा, आणि पागा दिसू लागली की पुन्हा उलट दिशेला वळवा. अडणारा घोडा जाताना अडत नाही, या दुसऱ्या वळणावर अडतो. तिकडच्या कोरड्या मातीत वाढलेल्या घोड्याने डबकं क्वचितच पाहिलेलं असतं, म्हणून पाइपने रस्त्यावर पाणी सोडून त्यातून न्या. मागून सायकल, समोरून ट्रॅक्टर, कुंपणाला अडकलेलं प्लॅस्टिक, जे मिळेल ते. "इथे बाहेर कोणी जात नाही" असं उत्तर आलं तर तो रपेटीचा घोडा म्हणून घेऊ नये, एवढंच.

उट्रेख्तकर

स्टॅलियनचा (खच्ची न केलेल्या नराचा) विचार अगदीच बाद का? स्पेनमध्ये चांगले नर बहुतेक सगळे अंडीलच असतात, निवड पुष्कळ मिळते. सात-आठ वर्षांचा शांत स्टॅलियन घेऊन तिथेच खच्ची करून आणला तर?

अश्ववैद्यक

करता येतं, पण तीन गोष्टी ध्यानात घेऊन. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरून काम पूर्ववत व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. लगेच लांबच्या ट्रकप्रवासाला घालू नये, कारण उभं राहून सूज वाढते. दुसरं, खच्ची केल्यावरही काही आठवडे बीज शिल्लक असू शकतं, म्हणून निदान सहा आठवडे माद्यांपासून वेगळा ठेवावा. तिसरं महत्त्वाचं: संप्रेरकं उतरतात, सवयी उरतात. तीन-चार वर्षांचा असताना केला तर वागणं सहसा निवळतं. आठ वर्षं एकट्याने तबेल्यात काढलेला, कळपात कधी न सोडलेला घोडा माद्यांना बघून ओरडणं, मान फुगवून नाचणं चालू ठेवू शकतो. त्याला दुसऱ्या घोड्यांशी वागायची रीतच माहीत नसते. ब्रिटनमधल्या भाड्याच्या बहुतेक पागा स्टॅलियन घेत नाहीत, आणि असा नवा खच्ची घोडाही नाखुशीनेच घेतात.

एकट्या रपेटीसाठी आधीच खच्ची झालेला, त्याला निदान तीन महिने झालेले, आणि दुसऱ्या घोड्यासोबत कुरणात सोडलेला दाखवता येईल असाच बघा. स्टॅलियनच घेणार असाल तर तपासणीत इंग्वायनल (जांघेतला) हर्निया बघायला सांगा. या जातीत हा धोका जास्त दिसतो.

उट्रेख्तकर

सहा आठवड्यांचं ठीक. पण शांत स्टॅलियन हा उगाच बदनाम आहे हे माझं मत कायम आहे. तिथल्या जत्रांत माद्यांच्या शेजारी तासन्‌तास उभे असलेले स्टॅलियन सगळ्यांनी पाहिलेत.

अश्ववैद्यक

पाहिलेत, आणि ते रोज कसलेल्या हातांखाली असतात म्हणून तसे उभे राहतात. मृगधारांना पागेत वर्षातले ३६५ दिवस वेगवेगळ्या लोकांच्या हातात घोडा द्यायचा आहे.

आता खरेदीपूर्व तपासणी. पशुवैद्य तुमचा हवा, विकणाऱ्याचा नाही, आणि त्या पागेचं नेहमीचं काम करणाराही नको. ब्रिटिश पद्धतीच्या पाच टप्प्यांचीच तपासणी मागा: स्थिर अवस्थेत संपूर्ण तपासणी, हातात धरून वॉक आणि ट्रॉट, सोबत पाय मुडपून ट्रॉट आणि कडक जमिनीवर लहान वर्तुळ, स्वारीखाली जोरदार काम, विश्रांती, पुन्हा ट्रॉट. ब्रिटनमध्ये तपासणीच्या वेळचं रक्त सहा महिने राखून ठेवायची सोय आहे, पुढे शंका आली तर वेदनाशामक किंवा शांत करणारी औषधं शोधता येतात. स्पेनमध्ये अशी सोय गृहीत धरू नका. रक्त काढून सरळ प्रयोगशाळेत पाठवायला सांगा.

एक्स-रे खूर, फेटलॉक, हॉक (मागच्या पायाचा घोट्यासारखा सांधा), स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा) यांचे तर हवेतच. ड्रेसाजसाठी पाठीच्या वरच्या हाडांचेही घ्या. आखूड पाठीच्या घोड्यात मणक्यांचे काटे एकमेकांना भिडलेले सापडतात. चित्रात भिडलेले दिसले आणि दाबल्यावर दुखत नाही, कामात तक्रार नाही, तर खरेदी आपोआप रद्द करायचं कारण नाही, पण किंमत आणि विमा दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. चित्रं मूळ डिजिटल स्वरूपात मागून घरच्या पशुवैद्याला दाखवा.

रक्तात पायरोप्लाझ्मोसिस हा परजीवींचा रोग बघा. 'थेलेरिआ इक्वि' आणि 'बाबेसिआ काबाली' हे गोचिडीतून येणारे परजीवी स्पेनमध्ये सर्रास आहेत, आणि थेलेरिआचा वाहक घोडा सहसा जन्मभर वाहकच राहतो. बाहेरून ठणठणीत दिसतो, पण प्रवासाच्या किंवा आजाराच्या ताणात ताप आणि रक्तक्षय उफाळू शकतो. अशा घोड्याला अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, म्हणजे पुढे विकायची एक मोठी वाट बंद. ग्वादाल्किव्हिरच्या दलदलीकडचा घोडा असेल तर वेस्ट नाइलची लस झाली आहे का विचारा.

पांढरा घोडा घेणार असाल (या जातीत तेच जास्त) तर मेलॅनोमा (कातडीतल्या रंगपेशींच्या गाठी) बघा. पांढरेपणा आणणारा जनुकीय बदल, एस.टी.एक्स.१७ जनुकातली पुनरावृत्ती, हाच या गाठींनाही पोषक ठरतो. पंधरा वर्षांवरच्या पांढऱ्या घोड्यांत ७० ते ८० टक्क्यांना गाठी असतात. शेपटीच्या मुळाखाली, गुदद्वाराभोवती, शिश्नाच्या आवरणावर आणि जबड्यामागे चाचपून बघा. आठव्या वर्षीच शेपटीखाली मण्यांची माळ लागत असेल तर कुमाईत किंवा काळा बघितलेला बरा.

आणि दाट अयाळ उचलून मुळाशी बघा. तुटके केस, खरखरीत जाड कातडी, शेपटीच्या मुळाशी घासल्याच्या खुणा म्हणजे चिलटांची ॲलर्जी, स्वीट इच. हिवाळ्यात ती लपते. तुमच्या भागात ओलावा आणि चिलटं भरपूर असतील, तेव्हा उन्हाळ्यातले फोटो मागून घ्या.

खरारा

कागदपत्रांबद्दल. पी.आर.ई.ची वंशनोंदवही २००७ पासून आंत्से ही ब्रीडर्सची संघटना चालवते. त्यांच्या संकेतस्थळावर घोडा नावाने किंवा क्रमांकाने शोधता येतो. घोड्याच्या पासपोर्टवरचा पंधरा अंकी यू.ई.एल.एन. हा ओळख-क्रमांक स्पेनच्या घोड्यात ७२४ ने सुरू होतो. मायक्रोचिप स्वतःसमोर वाचून घ्या आणि तोच आकडा पासपोर्टवर आहे हे जुळवा. मालकीच्या कार्डावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच हवं. 'क्रुसादो' म्हणजे संकरित घोडेही 'अंदालुसियन' म्हणून विकले जातात. रपेटीला ते काही कमी नसतात, पण किंमत पी.आर.ई.ची का द्यायची?

'कार्तुहानो' रक्ताचे जादा पैसे मागतात. हेरेसच्या मठातून आलेली ही जुनी ओळ खरीच आहे आणि तिचा सरकारी कळप आजही हेरेसजवळ आहे. पण ती ओळ म्हणजे चांगल्या कँटरची हमी नव्हे. आंतरप्रजनन मात्र तिच्यात एकूण जातीपेक्षाही थोडं जास्त आहे. वंशावळीत तेच नाव पुन्हा पुन्हा दिसतं का, बघा.

करार लेखी करा आणि त्यात वापर लिहा: 'ड्रेसाज आणि रस्त्यावर एकट्याने रपेट'. स्पॅनिश नागरी कायद्यात जनावराच्या छुप्या दोषाबद्दल दावा लावायची मुदत सामान्यतः ताब्यापासून ४० दिवसांची आहे. घोडा इंग्लंडात येऊन स्थिरावेपर्यंत तीही संपत आलेली असते.

खर्च: २०२१ पासून स्पेनहून ब्रिटनला येणारा घोडा हा आयात माल आहे. पशुवैद्याचं निर्यात-आरोग्यपत्र, आगाऊ सूचना, सीमेवरची तपासणी आणि २० टक्के व्हॅट. व्हॅट वाहतूक धरून लागतो: समजा घोडा २०,००० युरोचा आणि वाहतूक २,०००, तर २२,००० वर ४,४०० युरो. हे काम घोडेवाहतुकीचा अनुभव असलेल्या कंपनीकडे आणि तिच्या एजंटकडे द्या, स्वतः करू नका. आल्यावर परदेशी पासपोर्टची ब्रिटनमधल्या पासपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे ३० दिवसांत नोंद करावी लागते.

या हिशेबाने इथे येऊन वर्ष-दीड वर्ष झालेला, इथल्या पावसात, गवतात आणि रस्त्यांवर राहिलेला घोडा थोडा महाग मिळाला तरी तोच स्वस्त पडतो, असं माझं ठाम मत आहे.

टापांचा_नाद

शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत. इथे एक हिवाळा काढलेला घोडा खूर, वजन आणि रस्ता या तिन्हींची परीक्षा देऊन झालेला असतो.

खोगिराबद्दल थोडं. रुंद खांदे, गोल बरगड्या, आखूड पाठ. नेहमीच्या इंग्लिश झाडाचं (आतल्या सांगाड्याचं) खोगीर यांच्यावर पूल टाकल्यासारखं बसतं किंवा पुढे सरकतं. झाड रुंद आणि वरून गोल कमानीचं हवं, उलट्या 'व्ही'चं नको. पॅनेल (खोगिराखालची गादी) शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. हात पाठीवरून फिरवून शेवटची बरगडी शोधा आणि खडूने खूण करा. पट्ट्याची जागा बरेचदा पुढे असते, म्हणून पुढून कापलेला वळणाचा पट्टा लागतो. काम सुरू झाल्यावर आकार भराभर बदलतो, तेव्हा पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी फिटरला दाखवा.

बिट: तोंड लहान, जीभ जाड, टाळू खाली. जाडजूड पोकळ स्नॅफल 'मऊ' म्हणून घालतात आणि घोडा तोंड उघडतो, कारण आत जागाच नसते. १४ मि.मी. जाडीचा, जिभेला थोडी मोकळीक देणारा वळणदार बिट आधी बघा.

वडगावचा_स्वार

असा घोडा पुण्यात आणता येईल का? हवामान तर जमेल.

खरारा

हवामान जमेल, बाकीचं अवघड. आयात परवाना, विलगीकरण, विमानाचा खर्च हे झालंच. शिवाय भारतातून युरोपात घोडा परत नेणं रोगांसंबंधीच्या नियमांमुळे फार कठीण आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवणारे भारतीय स्वार युरोपात राहून तिथल्याच घोड्यांवर तयारी करत होते, ते यामुळेच.

अश्ववैद्यक

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि या जातीचा सगळ्यात मोठा धोका इंग्लंडच्या हिरव्या गवतात आहे.

पी.आर.ई.ला कमी खाण्यात अंग धरायची सवय असते. तिकडे पेंढा, थोडा लसूणघास, थोडे जव यांवर वाढलेला घोडा एप्रिलमध्ये इथल्या रायग्रासच्या कुरणात सोडला की इन्सुलिन वाढतं आणि त्यातून लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दुखरा दाह) होतो. १५७ सें.मी.चा घोडा साधारण ५०० किलो भरतो. वजन राखायला किंवा हळूहळू उतरवायला शुष्क पदार्थाच्या हिशेबाने वजनाच्या दीड टक्का चारा, म्हणजे ७.५ किलो, म्हणजे साधारण ९ किलो सुकं गवत दिवसाला, तराजूवर मोजून. पशुवैद्याला विचारल्याशिवाय त्याखाली जाऊ नका. विरघळणारी साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या आत असलेलं गवत शोधा, प्रयोगशाळेत तपासून मिळतं. नाही मिळालं तर भिजवा. भिजवल्याने साखर उतरते, पण किती उतरते याचा भरवसा नसतो आणि खनिजंही जातात, म्हणून सोबत बॅलन्सर (खनिजं-जीवनसत्त्वांचं पूरक खाद्य) द्या. उन्हाळ्यात भिजलेलं गवत लवकर आंबतं, तेव्हा थोड्या वेळासाठीच.

कुरणात रात्री उशिरा ते पहाटे सोडा, तोंडाला चराईची जाळी बांधून. रात्री दव गोठून सकाळी ऊन पडलं तर सोडू नका, तेव्हा गवतात साखर साठलेली असते. मानेवरची चरबी बोटांनी हलवून बघा. मऊ असेल तर ठीक, कडक होऊन एका बाजूला कलंडू लागली तर रक्त तपासा. घेतानाच अशी मान दिसली तर तोंडावाटे साखर देऊन करतात ती इन्सुलिन चाचणी करूनच पुढे जा. 'स्पॅनिश मान अशीच असते' हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. जातीच्या मूल्यमापनातही पडलेली मान दोषच धरतात.

अंदालुसियाहून ट्रकने यायला तीन-चार दिवस लागतात. दर चार-पाच तासांनी थांबून पाणी, आणि डोकं खाली नेता येईल इतकी दोरी सैल. सतत वर बांधलेल्या डोक्यामुळे श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३८.५ अंशांवर गेला तर त्याच दिवशी पशुवैद्य. दोन ते तीन आठवडे बाकी घोड्यांपासून वेगळा ठेवा, त्या काळात स्ट्रँगल्सची (घशाच्या गाठींच्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी आणि जंतांसाठी विष्ठेची मोजणी करून घ्या. खाणं दहा ते चौदा दिवसांत बदला.

पागावाला

रपेटीची सुरुवात: विलगीकरण संपलं की पहिले काही दिवस हातात धरून गावरस्त्यावर चालवा, डोक्याला लगाम आणि तुमच्या डोक्याला हेल्मेट. मग शांत सोबती घोड्याच्या मागून, मग शेजारून, मग त्याच्या पुढे. मग एकट्याने पंधरा मिनिटं, ओळखीच्या गोल वाटेवर. त्याच वाटेने परत फिरू नका, घराकडे वळायची सवय तिथेच लागते. जानेवारी २०२२ पासून ब्रिटिश हायवे कोडमध्ये (वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत) घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आत आणि किमान दोन मीटर अंतर ठेवून जाण्याचा सल्ला आहे. तरी चमकदार जाकीट घालाच आणि तृतीय-पक्ष विमा काढा, ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सभासदत्वात तो मिळतो.

रस्त्यावर पिआफ सुरू झाला तर दोन्ही लगाम आवळू नका. एक लगाम किंचित आत, त्याच बाजूचा पाय पट्ट्याजवळ, शोल्डर-इनसारखं (खांदे वाटेच्या आत घेऊन) वळवून पुढे चालतं ठेवा. मागचे पाय आडवे टाकावे लागले की जागच्या जागी नाचणं जमत नाही.

मृगधारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन घोडे समोर आहेत. पहिला: ७ वर्षं, कुमाईत, खच्ची होऊन दोन वर्षं झालेली, व्हाकेरा तालमीचा, एक हिवाळा इंग्लंडात काढलेला, ट्रॉट साधा, वॉकला मागचा खूर ठशाच्या पुढे पडतो. दुसरा: ६ वर्षं, पांढरा, स्टॅलियन, कोर्दोबाजवळ, पिआफ आणि स्पॅनिश वॉक शिकलेला. कुरणातला व्हिडिओ नाही, रस्त्यावरचा नाही.

पागावाला

पहिला. विकणाऱ्याकडून तीन न कापलेले व्हिडिओ मागा: कुरणातून पकडून आणण्यापासून स्वार होईपर्यंत, रिंगणात दोन्ही हातांवर स्नॅफलवर, लगाम सोडून मान खाली गेलेला ट्रॉट आणि कँटर, आणि रस्त्यावर एकटा, मागून गाडी जाताना. तिसरा मिळाला की मगच गाडी काढा.

उट्रेख्तकर

स्टॅलियनची बाजू मीच लावून धरली होती, तरी इथे पहिलाच. व्हाकेरा घोड्याला बिटाच्या मागून पुढे आणायची सवय असलेला प्रशिक्षक आधी शोधून ठेवा.

अश्ववैद्यक

आणि त्याचं मे महिन्यातलं वजन आणि खुरांचे फोटो विचारा. खुरांवरची वलयं टाचेकडे रुंदावत गेलेली दिसली तर इथलं गवत त्याला आधीच बाधलेलं आहे. मग इन्सुलिन चाचणी आणि खुरांचे बाजूने घेतलेले एक्स-रे आधी, स्वारी करून बघणं नंतर.